पेरूच्या बागेतली छोटी लाईन

१२ मार्च, बुधवार
आप्पांनी ही डायरी दिली. त्यांच्या डाळमिलची आहे, वर तुरीच्या शेंगांचं चित्र. म्हणाले, "सिद्दू, मापं ह्यात लिही. चिटोऱ्यावर लिहू नको, वारं नेतंय." लिहिली. लाईनची रुंदी सव्वासात इंच. बागेला पूर्ण फेरा, तीनशे दहा फूट. विहिरीपाशी एक पूल. स्टेशन एकच, घराच्या पायरीपाशी. मापं संपली, पान उरलं, म्हणून हे लिहायलो. सातवीत शाळा सोडली, त्यानंतर एवढं कधी लिहिलं न्हाई.

चिंताकीहून इथं आळंद रोडच्या मळ्यावर यायला तीन बस. बिदरजवळच्या कोळारच्या फॅक्टरीतून काढलं त्याला आज नववा दिवस. सुपरवायझरच्या जबड्यावर पाना मारला. दोनदा. एकदा रागानं, दुसऱ्यांदा तो पडला न्हाई म्हणून. त्याआधी हैदराबाद, त्याआधी पुणे, सगळीकडं असंच. आई बसस्टँडवर म्हणाली, "आता कुणाच्या अंगावर हात टाकलास तर घरी तोंड दाखवू नको." वेल्डिंगचा चष्मा आणि दोन शर्ट. बाकी काय आणलं न्हाई.

१५ मार्च, शनिवार
आप्पा मालक. सत्तरीच्या पुढचे, कपाळाला विभूती. लहानपणी बापाबरोबर लातूरहून छोट्या गाडीत बसायचे. ती नॅरोगेज गेली, लाईन मोठी झाली. आता त्यांना तीच गाडी बागेत पाहिजे. गुडघ्याएवढी, पर वर बसून फिरता येईल अशी. इंजिनाचं पोट पत्र्याचं, आत ई-रिक्षाची मोटर. बसव जयंतीला चालू करायची. मला आधी हसू आलं. मग नकाशा बघितला. हसू गेलं. असं काम मला कुणी दिलं नव्हतं.

शिवराज, आप्पांचा पुतण्या. तिशीचा. हातात कायम पाईपचा दीड हात तुकडा, कुत्र्यासाठी म्हणतो. बागेत कुत्रं एकबी न्हाई. (एवढं मोठं नाव लिहायला हात दुखतो. पुढं नुसतं शि.)

नरसप्पा, माळी. वीस वर्षं इथंच, बागेतल्या खोलीत राहतो. बायको, पोरगा खटकचिंचोळीला. तेलुगू बोलतो, कन्नड बोलतो, शिव्या मराठीत देतो.

दुपारी लिंबाखाली सगळे एका ओळीत जेवायला. आप्पांच्या घरची रीत. मालक, पूल बांधणारा मिस्त्री, माळी, मी, सगळे एकाच ओळीत, आणि आप्पा स्वतः वाढणार. ओळीत बसलेल्याला कुणी रागावायचं न्हाई, हात तर लांबच. भांडण असलं तर जेवून उठल्यावर. मी म्हटलं, आणि जेवताजेवता राग आला तर? नरसप्पा म्हणाला, "मग चाऊन खा त्याला."

१९ मार्च, बुधवार
रूळ म्हणजे पट्टी, पंचवीस बाय दहाची, उभी. खाली अँगलच्या तुकड्यांवर वेल्डिंग. सकाळी सहा ते नऊ काम, मग ऊन. पहिले ऐंशी फूट टाकले.

आप्पा म्हणाले, "दर जोडाला नखाएवढी फट सोड बरं का."
व्हय म्हणालो. सोडली न्हाई.
फट सोडलेलं गेटसुद्धा कुणी घेत न्हाई. कोळारचा उस्ताद जोडावरून बोट फिरवायचा. बोटाला लागलं तर कानफटात. दोन वर्षं खाल्ल्या त्याच्या. आता माझा जोड मलाच सापडत न्हाई. भरला, ग्राइंडर मारला, आरशासारखा केला. आप्पांना कमी दिसतं. त्यांनीबी हात फिरवला आणि म्हणाले, वा.

२३ मार्च, रविवार
लाईनीच्या वाटेत पेरूची चार झाडं. नरसप्पा म्हणायला, वळसा घ्या. शि. म्हणायला, सरळ पाहिजे. शि.नं करवत आणली. नरसप्पा झाडाला पाठ लावून उभा राहिला, हातात कुऱ्हाड.
"माझ्या झाडाला हात लावशील तर तंगडी तोडीन. आणि तुझी ती लोखंडाची नाडीबी उपटून टाकीन."
"कुणाचं रे झाड? मालक हायस का?"
"पाणी कुणी घातलं? तू मुतलास का कधी तरी?"
सगळे हसले. शि. हसला न्हाई. आप्पांनी दोघांकडं बघितलं आणि झाडं कापा म्हणाले. आप्पांना पण सरळ पाहिजे होती. नरसप्पा दिवसभर खोलीत. मला तो सरळ भाग टाकायला मजा आली, खोटं कशाला लिहू.

३० मार्च, रविवार, पाडवा
आज मी शि.ला मारून टाकलं असतं.
वळणासाठी साचा केला होता, आठ दिवसांची मेहनत. शि. आला, म्हणाला, "ए वेल्डर, सणाच्या दिवशी ह्या पसाऱ्यात लोकं कुठून जाणार?" आणि लाथ घातली. साचा विहिरीत. मला पुढचं नीट आठवत न्हाई. त्याचा गळा माझ्या हातात होता आणि त्याचे डोळे पांढरे व्हायले होते, एवढं आठवतं. पाईप त्यानं माझ्या बरगडीत घातला, लागलं न्हाई. मागून कुणीतरी कवळा घातला. नरसप्पा. सोडंना. म्हातारा आहे पर हात मुळ्यासारखे. कानात म्हणायला, "आकडे मोज. शंभरपतुर मोज. मला येत न्हाईत, तू मोज." मी मोजले. बासष्टला हात सुटले.
शि. खोकत गेला. आप्पा घरात होते, कुणी सांगितलं न्हाई.
नरसप्पानं विहिरीत गळ टाकून साचा काढून दिला. ज्या लाईनीनं त्याची झाडं गेली तिचाच साचा. म्हटलं, कामून काढलास? म्हणाला, "विहिरीत लोखंड कुजतंय. पाणी माझं हाय."

१४ एप्रिल, सोमवार
जयंती. गावी गेलो न्हाई. आईचा फोन. "मारामारी?" म्हटलं न्हाई. "खरं?" म्हटलं, एकदा होता होता राह्यली. म्हणाली, जेव.
आप्पांनी ओळीत गोड केलं. बाबासाहेबांचा फोटो माझ्या मोबाईलात होता, तो मोबाईल नरसप्पानं लिंबाच्या फांदीत अडकवून दिला.

१७ एप्रिल, गुरुवार
लाईन पुरी. पहाटे सहाला ट्रॉली ढकलली. तीनशे दहा फुटांत एक खट आवाज न्हाई. पाण्यासारखी गेली. मोठ्या गाडीला पण जोडावर आवाज येतो, माझ्या गाडीला न्हाई. सरळ भागाची पुलाकडचं आणि पायरीकडचं, अशी दोन्ही टोकं आज काँक्रीटमध्ये बसवली. मधला सरळ भाग, पेरूच्या खोडांमधून, दोरीसारखा.
असं काम केलेला माणूस बिदर जिल्ह्यात न्हाई. गुलबर्ग्यातबी न्हाई.

२१ एप्रिल, सोमवार
लिहायचं नव्हतं. तरी लिहितो.

आप्पा गुलबर्ग्याला मिलवर. दुपारी दीड. जेवून झोपलो होतो, शि. ओरडत आला. पळत गेलो. सरळ भाग वाकडा. बैल चालताना मुतला की मातीत जशी रेघ पडते तशी. अँगल जमिनीतून उपटलेले. दीड वीत बाजूला गेलेला रूळ. माझा रूळ.
आणि तिथंच, शेजारच्या पेरूच्या खोडापाशी, नरसप्पा उभा. हातात पहार. आळं करायला आलो होतो म्हणायला.
लोखंडाची नाडी उपटून टाकीन म्हणाला होता. सगळ्यांनी ऐकलं होतं.
पहिली मी मारली. तोंडावर, मूठ. तो खाली बसला, पहार सोडली, माझ्याकडं बघितलं. मी लाथ घातली. मग शि. आला पाईप घेऊन. त्यानं डाव्या हातावर घातला. हाड मोडल्याचा आवाज आला. सुकी तुराटी मोडावी तसा. मग पाठीवर, मग पाठीवर. मी थांबवलं न्हाई. मी उभा राहून शिव्या देत होतो.
मिस्त्रीनं नरसप्पाला ओढून बाजूला काढलं. शि.नं त्याची पेटी, वाकळ, चूल सगळं रस्त्यावर फेकलं. मिस्त्री त्याला रिक्षातून दवाखान्यात घेऊन गेला.
त्याच्या तोंडातून रक्त येत होतं ते त्यानं धोतरानं पुसलं, रुळावर पडू दिलं न्हाई. हे कामून लिहितोय माहीत न्हाई.

२२ एप्रिल, मंगळवार
आप्पा आले. शि.नं सांगितलं, माळ्यानं रूळ उपटला, मी मारलं. माझं नाव घेतलं न्हाई. संध्याकाळी माझ्या खांद्यावर हात टाकला, "आता तू आपला माणूस." दारू पाजली. प्यालो.
आप्पा नुसतं म्हणाले, "वीस वर्षांत त्यानं माझं एक फूल तोडलं न्हाई." आणि आत गेले.
नरसप्पा खटकचिंचोळीला, पोरगा येऊन घेऊन गेला.

२३ एप्रिल, बुधवार
वाकडा भाग कापून नवीन टाकायचा ठरलं. दुपारीच लागलो, दिवस कमी. पहिला काप पुलाकडं, सरळ जागी. ग्राइंडरची चकती निम्मी आत गेली आणि रुळानं ती चावली. दोन्ही बाजूनं दाबली. चकती फुटली. एक तुकडा हनुवटी फाडून गेला, एक मागं लिंबात घुसला. दोन इंच वर असता तर डोळा.
रक्त दाबून बसलो आणि बघत बसलो. कापलेल्या जागी रुळाची दोन टोकं एकमेकांना ढकलायली होती, दोन रेडे डोकं लावतात तशी. दुसऱ्या चकतीनं काप पुरा केला तर धाडकन आवाज झाला आणि एक टोक दुसऱ्याच्या बाजूनं अंगठाभर पुढं गेलं. त्याला कुणी हात लावला नव्हता. मी एकटा होतो.
पहाटेच्या गारव्यात जोडलेलं लोखंड. दोन्ही टोकं काँक्रीटमध्ये. वर हे ऊन, ज्यात पट्टीवर हात ठेवला तर कातडी चिकटते. लोखंड वाढणार. कुठं जाणार? नखाएवढी फट सोड म्हणाले होते.
नरसप्पानं रुळाला हात लावला न्हाई.
हनुवटीला पाच टाके. कंपाउंडर म्हणाला, कुणाशी भांडलास? काय सांगू.

२४ एप्रिल, गुरुवार
सांगितलं न्हाई. दिवसभरात चारदा आप्पांच्या पायरीपाशी गेलो. चारदा मापं विचारून परत आलो.
ओळीत नरसप्पाची जागा रिकामी. मिस्त्री सरकून बसायला लागला तर आप्पा म्हणाले, "तिथं न्हाई."
सांगितलं तर काम गेलं. लाईन गेली. बाहेर शि. आणि पाईप. पर ते न्हाई खरं. मार खाल्लाय मी, मार काय. सगळ्यात वाईट हे की सांगताना म्हणावं लागंल, पहिली मी मारली.

२६ एप्रिल, शनिवार
सुट्टी मागून खटकचिंचोळीला गेलो. सांगायचंच ठरवून.
नरसप्पा बाजेवर, हात प्लास्टरात, तोंड सुजून डोळा दिसंना. पोरगा व्यंकट माझ्याच वयाचा, पिकअप चालवतो. त्यानं मला पाणी दिलं, चहा दिला. नरसप्पाची बायको म्हणाली, मळ्यावरनं तू एकटाच आलास बघ. मला मरावंसं वाटलं.
व्यंकट बाहेर घेऊन गेला. सीटखालून कोयता काढून दाखवला. धार लावलेला.
"बसव जयंतीला तो शिवराज गाडीत बसणार न्हाई का? सगळ्या लोकांसमोर. उतरू देत न्हाई त्याला मी."
म्हटलं, तुझ्या बापूनं काय सांगितलं?
"शिवराजनं मारलं म्हणाला. एकट्यानं."
एकट्यानं.
आत गेलो. नरसप्पा एका डोळ्यानं बघायला. मी तोंड उघडलं. तो म्हणाला, "बस निघंल तुझी." मी निघालो. भित्रा. भित्रा. भित्रा.

२८ एप्रिल, सोमवार
दोन दिवस राह्यले. मी गप्प बसलो तर व्यंकट शि.ला कापणार. मग व्यंकट जेलात. म्हातारा एका हाताचा. सगळं माझ्या एका नखापायी.
आज ओळीत सांगितलं. मुद्दाम ओळीत. दुसरीकडं सांगायची हिंमत नव्हती.
आप्पा डाळ वाढायले होते. म्हटलं, "आप्पा, रूळ नरसप्पानं उपटला न्हाई. उन्हानं वाकला. मी फट सोडली नव्हती."
डाळीचा डाव तसाच वर राह्यला.
"कामून?"
"जोड दिसतो म्हणून."
कुणी जेवंना. मग बाकीचं पण सांगितलं. "आणि पहिली मी मारली. शिवराजअण्णानं नंतर."
शि. ताडकन उठला, उष्ट्या हातानं. "हौल्या! तुझ्यापायी मी..." आणि पाईप उचलला. आप्पा म्हणाले, "ओळ उठली न्हाई अजून. बसायचं असंल तर बस, न्हाईतर तिकडं जा." शि. लिंबापलीकडं जाऊन उभा राह्यला. पाईप खोडावर आपटायला. टक. टक.
मी आणखी एक भाकरी मागितली. आप्पांनी वाढली. मग आणखी एक. एण्णेगाईची वांगी मागितली, ठेचा मागितला. टक, टक. बाकीचे उठू शकंनात, माझं संपल्याशिवाय ओळ उठत न्हाई. मिस्त्री पुटपुटला, "अरे आवर की, पाय बधिर झाले." पाचवी भाकरी वाढताना आप्पा म्हणाले, "पोट फुटंल, सिद्दू. कधीतरी उठावंच लागणार."
उठलो. हात धुतला. शि.चा पहिला फटका खांद्यावर बसला, दुसरा मांडीवर, मी गुडघ्यावर आलो. तिसऱ्याला मी पाईप हातात धरला. त्याचं तोंड माझ्यापासून वीतभर. पाईप हिसकून त्याच्या डोक्यात घालायचा तर एवढंसं काम होतं, अंगातलं सगळं तिकडंच ओढ घेत होतं. मोजायला लागलो. मोठ्यानं. एक, दोन, तीन. शि.ला वाटलं मी येडा झालो. चाळीसला त्यानंच पाईप सोडला.
आप्पा पायरीवर उभे होते. त्यांनी मधी पडून सोडवलं न्हाई. नंतर म्हणाले, "आधी फटी कर. मग नरसप्पाकडं जा, त्याच्या घरच्यांसमोर हेच बोल. तो आला न्हाई तोवर गाडी हलणार न्हाई."
"आणि त्याच्या पोरानं मला कापलं तर?"
"तर मी लाईन उपटून टाकीन," म्हणाले. चेष्टा होती का न्हाई कळलं न्हाई.

२९ एप्रिल, मंगळवार
वाकड्या जागी नवा रूळ बसलाच होता, सगळ्या फेऱ्यात बत्तीस फटी कापल्या. बाजूला पट्ट्या, लांब भोकं पाडून बोल्ट, रुळाला सरकता यावं असे. खांदा वर जाईना म्हणून डाव्या हातानं. शि. दिवसभर आला न्हाई. संध्याकाळी आला, लांब उभा राह्यला, म्हणाला, "माझं नाव कामून घेतलंस? मी तुझं घेतलं नव्हतं." मी बोल्ट आवळत राह्यलो.
दीडला बघितलं होतं. फटी भरत आलेल्या, कागद जाईल एवढ्या राह्यलेल्या. रूळ जागच्या जागी. सोपं होतं हे सगळं.
सगळे जोड दिसतात आता.

३० एप्रिल, बुधवार, बसव जयंती
खटकचिंचोळी. पहिल्या बसनं आलो.
व्यंकट दारातच होता, अंघोळ करून, नवा शर्ट. आज जायची तयारीच होती त्याची. म्हटलं, बापूसमोर बोलायचंय, तुझ्यासमोर, आईसमोर. बोललो. फट, ऊन, चकती, सगळं. म्हातारीला फट काय ते कळलं न्हाई. मग म्हणालो, पहिली मी मारली, तोंडावर, आणि लाथ. ते तिला कळलं.
व्यंकटनं मारलं. मी हात खाली ठेवले. तोंडावर, परत तोंडावर, हनुवटीचे टाके उसवले. भिंतीला नेऊन गळा धरला. डोळ्यापुढं काळं यायला लागलं. शेजारची माणसं बघायली, कुणी मधी आलं न्हाई. यायला नकोच होतं.
"व्यंकट्या, बास." म्हातारा. "मेला तर कोण सांगणार परत?"
सोडलं. मी मातीत बसलो. एक दात हातात आला.
नरसप्पाला विचारलं, "तू कामून सांगितलं न्हाईस, पहिली कुणाची?"
म्हणाला, "तू साठपतुर मोजतोस. तो शिवराज एकबी मोजत न्हाई." मग, "आणि लाज वाटली. ज्याला कवळ्यात धरला त्याच्याच हातचा मार खाल्ला, कुणाला सांगू?"
म्हटलं, आप्पा म्हणाले, तू आल्याशिवाय गाडी हलणार न्हाई.
तो उठला. मग बायकोकडून धुतलेलं धोतर मागितलं, एका हातानं नेसला, तिनं गाठ मारून दिली. व्यंकटला म्हणाला, पिकअप काढ.

आता पेट्रोलपंपावर. व्यंकट डिझेल भरायलाय. मी मागं, पत्र्यावर. तोंडाला फडकं. सीटखाली काय आहे ते विचारलं न्हाई, बघितलं न्हाई. नरसप्पा पुढं बसलाय, प्लास्टरचा हात मांडीवर. आत्ता मागं वळून काचेतून एकच विचारलं.
"शिवराज मळ्यावर असंल का आज?"
व्यंकटनं पण मान वळवली.
खोटं बोलायचं न्हाई असं ठरवून आलो होतो. व्हय म्हणालो.